ईश्वरश्रद्धा, ख्रिस्ती मूलतत्त्ववाद आणि बौद्ध दृष्टी : वर्धा-नागपूर परिसराच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती महामार्गावरील गाव होय. दरवर्षी विजयादशमीच्या व १४ ऑक्टोबरच्या सुमारास या मार्गाने नागपूरच्या दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या बौद्ध अनुयायांची रीघ लागलेली असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आपल्या लक्षावधी अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. या प्रतिज्ञांमध्ये ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी, गणपती या देवतांचा नामनिर्देशपूर्वक त्याग केलेला आहे. ईश्वराने अवतार घेतला हे मत नाकारलेले आहे. परंतु ख्रिस्ती धर्माचा, येशू ख्रिस्ताचा किंवा बायबलचा उल्लेख त्यांत एकदाही येत नाही.

हे मौन अनवधानाने घडले असे म्हणता येत नाही. १९३५ च्या येवले येथील घोषणेनंतर ख्रिस्ती धर्म हा डॉ. आंबेडकरांसमोरील एक प्रत्यक्ष पर्याय होता. त्यांनी त्याचा सखोल अभ्यास केला, त्यावर स्वतंत्र लेखन केले आणि अखेर तो नाकारला. असे असूनही प्रतिज्ञांमध्ये त्याचा निषेध का नाही? सृष्टिकर्त्या ईश्वराविषयी आणि ग्रंथप्रामाण्यावर आधारलेल्या ख्रिस्ती मूलतत्त्ववादाविषयी बौद्ध विचाराची नेमकी भूमिका कोणती? आणि ही भूमिका ख्रिस्तविरोधी राजकारणापासून कोठे वेगळी होते? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा ऐतिहासिक क्रमाने विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) पाली साहित्यातील सृष्टिकर्त्या ईश्वराच्या चिकित्सेचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) श्रीलंकेतील बौद्ध-ख्रिस्ती वाद आणि महाराष्ट्रातील बौद्ध विचार यांतील साम्य व भेद तपासणे.
३) डॉ. आंबेडकरांच्या ख्रिस्ती धर्मविषयक भूमिकेचे विश्लेषण करणे.
४) १९५६ मधील नागपूरच्या घटनांच्या आधारे धर्मचिकित्सा व धर्मांतरबंदी यांतील फरक मांडणे.

मूलतत्त्ववाद : संकल्पना व उगम

'मूलतत्त्ववाद' हा शब्द आज सर्वच धर्मांतील कट्टरतेसाठी वापरला जातो. तथापि, त्याचा जन्म अमेरिकेतील प्रोटेस्टंट ख्रिस्ती समाजात झाला. १९१० ते १९१५ या काळात तेथे 'द फंडामेंटल्स' या नावाने बारा पुस्तिकांची मालिका प्रसिद्ध झाली. तेलउद्योगातील लायमन स्ट्युअर्ट यांनी तिच्यासाठी द्रव्यसाहाय्य केले होते. बायबलची निर्दोषता, ख्रिस्ताचा कुमारी मातेच्या पोटी जन्म, मानवजातीच्या पापांसाठी त्याने केलेले प्रायश्चित्त, त्याचे सदेह पुनरुत्थान आणि त्याचे चमत्कार ही तत्त्वे श्रद्धेची अपरिहार्य अंगे होत, अशी या चळवळीची भूमिका होती. १९२० मध्ये कर्टिस ली लॉज या बाप्टिस्ट संपादकाने या मताच्या लोकांसाठी 'फंडामेंटलिस्ट' ही संज्ञा योजिली. १९२५ मध्ये टेनेसी राज्यातील डेटन येथे उत्क्रांतिवाद शिकविल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला आणि ही संज्ञा जगभर पोहोचली.

ही चळवळ कशाची प्रतिक्रिया होती हे लक्षात घेणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्वानांनी बायबलच्या निरनिराळ्या भागांचा काळ, कर्तृत्व व संस्करणे यांची ऐतिहासिक छाननी सुरू केली होती. दुसरीकडे डार्विनच्या सिद्धान्तामुळे सृष्टीच्या उत्पत्तीची पारंपरिक कल्पना डळमळीत झाली होती. या दोन्ही आघातांना उत्तर म्हणून ग्रंथ शब्दशः प्रमाण मानण्याचा आग्रह धरला गेला. म्हणजेच ख्रिस्ती मूलतत्त्ववादाचे दोन आधारस्तंभ ठरतात : सृष्टिकर्त्या ईश्वरावरील श्रद्धा आणि त्याच्या वचनाचा ग्रंथ कधीही चुकत नाही ही श्रद्धा. यांपैकी पहिली सर्व ख्रिस्ती पंथांना समान आहे. दुसरी या विशिष्ट स्वरूपात मूलतत्त्ववाद्यांची आहे. बौद्ध दृष्टीचा विचार करताना हा भेद सतत ध्यानी ठेवावा लागतो.

पाली साहित्यातील ईश्वरचिकित्सा

बुद्धकाळी ख्रिस्ती धर्म अस्तित्वात नव्हता. परंतु 'हे जग कोणीतरी निर्माण केले व तोच त्याचा स्वामी आहे' हे मत प्रचलित होते आणि त्रिपिटकात त्याची चिकित्सा अनेक ठिकाणी आढळते. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात या मताचा उगम मोठ्या मार्मिकपणे सांगितला आहे. विश्वाच्या नव्या आवर्तनात एक सत्त्व सर्वांच्या आधी ब्रह्मलोकी जन्म पावते. एकटेपणामुळे ते सोबतीची इच्छा करते. पुढे काही सत्त्वे तेथे उत्पन्न होतात, तेव्हा आपल्या इच्छेनेच ती उत्पन्न झाली असा त्याचा समज होतो. नंतर आलेल्यांनाही तो आधीपासून असल्यामुळे तोच आपला निर्माता वाटतो. येथे ब्रह्म्याला दुष्ट किंवा लबाड ठरविलेले नाही, तर भ्रमात पडलेला दाखविले आहे. केवट्टसुत्तातील ब्रह्मा तर एका भिक्षूच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही. तो प्रथम आपल्या पदव्यांचा पाढा वाचतो आणि मग त्या भिक्षूला बाजूला नेऊन आपले अज्ञान कबूल करतो.

तेविज्जसुत्तात चिकित्सेचा रोख प्रमाणावर आहे. ब्रह्म्याशी सायुज्य पावण्याचा मार्ग सांगणाऱ्या आचार्यांपैकी कोणीही ब्रह्म्याला प्रत्यक्ष पाहिलेले नाही. मग न पाहिलेल्याकडे जाण्याचा मार्ग ते कसा सांगू शकतात, असा बुद्धांचा प्रश्न आहे. एकामागे एक चालणाऱ्या आंधळ्यांच्या माळेचा दृष्टान्त येथेच येतो.

सर्वांत महत्त्वाचा युक्तिवाद मात्र अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातील तित्थसुत्तात आढळतो. माणसाचे सुखदुःख पूर्वकर्मामुळेच आहे, ईश्वराने निर्माण केल्यामुळेच आहे किंवा कोणत्याही कारणाविना आहे, अशी तीन मते तेथे एकत्र ठेवलेली आहेत. तिन्हींचा परिणाम एकच, तो म्हणजे काय करावे व काय करू नये याविषयीची जबाबदारी नाहीशी होणे. या सुत्तात ईश्वरवाद एकटा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा नाही. त्याच्या शेजारी सर्व काही पूर्वकर्मावर ढकलणारा दैववादही उभा आहे. बौद्ध ईश्वरचिकित्सेची कसोटी 'ईश्वर आहे की नाही' एवढ्यापुरती मर्यादित नसून 'या श्रद्धेने माणसाचे कर्तृत्व वाढते की खुंटते' ही आहे, हे यावरून स्पष्ट होते.

ग्रंथप्रामाण्याविषयी मज्झिमनिकायातील चंकीसुत्त उल्लेखनीय आहे. एखाद्याची एखाद्या मतावर श्रद्धा असेल तर 'ही माझी श्रद्धा आहे' असे त्याने म्हणावे. तेवढ्याने सत्याचे रक्षण होते. मात्र 'हेच सत्य, बाकी सर्व मिथ्या' असा निष्कर्ष त्याने काढू नये, असे तेथे प्रतिपादिले आहे. मूलतत्त्ववादाला दिलेले याहून नेमके उत्तर सापडणे कठीण आहे. यात श्रद्धेला मज्जाव नाही. श्रद्धेचे रूपांतर निर्णायक सत्याच्या दाव्यात करण्यास मात्र मज्जाव आहे.

पानदुरा ते वर्धा : वादाचे दोन प्रदेश

आधुनिक काळात बौद्ध आणि ख्रिस्ती विचारांचा थेट सामना प्रथम श्रीलंकेत झाला. २६ व २८ ऑगस्ट १८७३ रोजी पानदुरा येथे मिगेट्टुवत्ते गुणानंद थेर आणि वेस्लियन मिशनचे रेव्हरंड डेव्हिड डी सिल्व्हा यांच्यात हजारो श्रोत्यांसमोर जाहीर वाद झाला. गुणानंदांनी बायबलमधील वचनांचाच आधार घेतला. माणसाला निर्माण केल्याबद्दल पश्चात्ताप पावणारा ईश्वर सर्वज्ञ कसा, आपल्या लोकांची घरे ओळखण्यासाठी दारावर रक्ताची खूण त्याला का लागावी, असे त्यांचे प्रश्न होते. ग्रंथ शब्दशः खरा मानणाऱ्यांना त्यांनी ग्रंथाच्याच शब्दांत अडकविले. या वादाचा इंग्रजी वृत्तान्त अमेरिकेत प्रसिद्ध झाला, कर्नल हेन्री ऑल्कॉट यांचे लक्ष श्रीलंकेकडे वळले आणि १८८० मध्ये ते तेथे दाखल झाले. पुढे अनागारिक धर्मपालांच्या कार्याला याच वातावरणात चालना मिळाली.

या वादाचा स्वर तिखट होता आणि त्याला कारण होते. श्रीलंकेत पोर्तुगीज, डच व इंग्रज या तिन्ही राजवटींमध्ये ख्रिस्ती धर्म सत्तेच्या आश्रयाने वावरला. शाळा, नोकऱ्या आणि जन्म-विवाहाच्या नोंदी यांचा त्याच्याशी संबंध जोडला गेला होता. साहजिकच तेथील बौद्धांच्या दृष्टीने ख्रिस्ती ईश्वर हा राज्यकर्त्यांचा ईश्वर होता.

महाराष्ट्रातही एकोणिसाव्या शतकात असे वाद झाले. १८३० च्या सुमारास मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांचे शास्त्र्यांशी वाद झाले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद केला. परंतु या वादांमध्ये बौद्ध पक्ष नव्हता, कारण महाराष्ट्रात तेव्हा बौद्ध समाजच उरलेला नव्हता. महात्मा जोतीराव फुले यांनी स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिक्षण घेतले होते. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' या १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी निर्मिकाची कल्पना स्वीकारली. पण कोणत्याही एका ग्रंथाची मक्तेदारी मानली नाही. एकाच कुटुंबात कोणी बौद्ध, कोणी ख्रिस्ती, कोणी महंमदी तर कोणी सत्यधर्मी होऊन सर्वांनी प्रेमाने नांदावे, असे चित्र त्यांनी रंगविले. ईश्वर मानणारा परंतु मूलतत्त्ववादाला ठाम नकार देणारा हा मराठी विचार डॉ. आंबेडकरांच्या पार्श्वभूमीत लक्षात घ्यावा लागतो.

श्रीलंका आणि महाराष्ट्र यांना जोडणारा दुवा म्हणजे धर्मानंद कोसंबी. त्यांचा जन्म १८७६ मध्ये पोर्तुगीज गोव्यातील साखवाळ येथे झाला. ज्या गोव्यात १५६० ते १८१२ या काळात धर्मसमीक्षण न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, कार्यरत होते, त्याच भूमीतून ते बुद्धाच्या शोधात निघाले. १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय परिवेणात त्यांनी पालीचा अभ्यास केला व सुमंगल महास्थविरांकडून दीक्षा घेतली. हे परिवेण पानदुरा वादाच्याच वर्षी, १८७३ मध्ये, स्थापन झाले होते. परंतु कोसंबींनी महाराष्ट्रात आणला तो वादाचा आवेश नव्हे, तर पाली ग्रंथांच्या ऐतिहासिक चिकित्सेची पद्धती. 'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी बुद्धचरित्रातील दंतकथांचे थर बाजूला केले. वृद्ध, रोगी, मृत व संन्यासी या चार दृश्यांमुळे सिद्धार्थाने गृहत्याग केला ही सर्वमान्य कथा त्यांनी स्वीकारली नाही. त्याऐवजी शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या कलहाकडे त्यांनी लक्ष वेधले. बायबलच्या ज्या प्रकारच्या छाननीमुळे अमेरिकेत मूलतत्त्ववाद उसळला, त्याच प्रकारची छाननी कोसंबी आपल्याच पूज्य परंपरेची करीत होते. ४ जून १९४७ रोजी वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे स्वेच्छेने अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला.

१९३० व १९४० च्या दशकांतील वर्धा हे या दृष्टीने विलक्षण ठिकाण होते. मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा हे श्रद्धावान ख्रिस्ती होते. येशूच्या आचार-उपदेशावरील त्यांचे पुस्तक १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. श्रीलंकेत दीक्षा घेतलेले भदंत आनंद कौसल्यायन हे १९४० च्या दशकात वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम पाहत होते. पुढे डॉ. आंबेडकरांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' त्यांनीच हिंदीत आणला व त्यातील वचनांची पाली मुळे शोधून दाखविली. ईश्वर न मानणारे भिक्षू आणि येशूला गुरू मानणारे अर्थतज्ज्ञ एकाच गावात राष्ट्रकार्य करीत होते. येथे ख्रिस्ती म्हणजे मूलतत्त्ववादी असे समीकरण मांडणे शक्यच नव्हते.

डॉ. आंबेडकर आणि ख्रिस्ती धर्म : १९३५ ते १९३८

१३ ऑक्टोबर १९३५ च्या येवले येथील घोषणेनंतर मिशनरी वर्तुळात अपेक्षा निर्माण झाल्या. याच काळात महात्मा गांधींनी सेवाग्राम (तेव्हाचे शेगाव) येथे जॉन मॉट यांच्याशी १९३६ मध्ये झालेल्या चर्चेत अस्पृश्यांमधील धर्मप्रचारावर आक्षेप घेतला. अस्पृश्यांना धर्मतत्त्वांतील भेद समजणार नाहीत असा त्यांचा आशय होता आणि त्यासाठी त्यांनी गाईची उपमा वापरली. डॉ. आंबेडकरांनी 'ख्रिश्चनायझिंग द अनटचेबल्स' या लेखात या चर्चेचा परखड समाचार घेतला. मिशनऱ्यांना धर्मप्रचाराचा अधिकार आहे आणि अस्पृश्यांना निवड करण्याची बुद्धी आहे, अशी त्यांची भूमिका होती. शिक्षण व आरोग्य या क्षेत्रांतील मिशनांची सेवा त्यांनी मोकळेपणाने मान्य केली.

परंतु त्याच लेखनात त्यांनी ख्रिस्ती धर्मप्रसारावर कठोर टीकाही केली. मिशनऱ्यांनी दीर्घकाळ ब्राह्मणादी उच्चवर्णीयांच्या मागे शक्ती खर्च केली, चर्चमध्ये जातिभेद चालू दिला आणि धर्मांतरितांच्या नागरी हक्कांसाठी लढा दिला नाही, असे त्यांनी दाखविले. 'द कंडिशन ऑफ द कन्व्हर्ट' या लेखात त्यांची टीका तत्त्वज्ञानापर्यंत पोहोचते. मनुष्याचे पतन त्याच्या मूळ पापामुळे झाले व त्याला क्षमेची गरज आहे, असे शिकविल्याने माणसाचे लक्ष अन्यायी परिस्थितीकडून स्वतःच्या पापाकडे वळते. समाजशास्त्राच्या दृष्टीने हा सिद्धान्त घातक आहे, असे त्यांचे मत होते. ज्याच्यावर शतकानुशतके अन्याय झाला, त्यालाच 'तू पापी आहेस' असे सांगणे त्यांना मान्य नव्हते. तित्थसुत्तातील कसोटीच येथे विसाव्या शतकाच्या भाषेत अवतरली आहे.

१ जानेवारी १९३८ रोजी सोलापूर येथे ख्रिस्ती समाजापुढे केलेल्या भाषणात त्यांनी आपल्याला मोहविणारी दोनच व्यक्तिमत्त्वे आहेत, एक बुद्ध आणि दुसरे ख्रिस्त, असे सांगितले. त्याच भाषणात चर्चमधील जातिभेदाकडे आणि ख्रिस्ती समाजाच्या राजकीय उदासीनतेकडेही त्यांनी बोट दाखविले. ख्रिस्ताविषयी आदर, मिशनच्या सेवेविषयी कृतज्ञता, पापसिद्धान्ताला नकार आणि चर्चच्या व्यवहारावर टीका या चारही गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र नांदत होत्या. १९३६ मधील एका निवेदनात ख्रिस्ती अथवा इस्लाम धर्म स्वीकारल्यास अस्पृश्यवर्ग राष्ट्रीय प्रवाहापासून तुटेल असाही युक्तिवाद त्यांनी केला होता. शीख धर्माचा पर्याय विचाराधीन असतानाचा हा राजकीय युक्तिवाद होता. त्यांच्या पुढील बौद्ध लेखनात ईश्वराविषयीची चर्चा या पायावर उभी नाही, हे नोंदविणे आवश्यक आहे.

मार्गदाता आणि मोक्षदाता

१९५० मध्ये 'महाबोधी' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध अँड द फ्यूचर ऑफ हिज रिलिजन' या लेखात डॉ. आंबेडकरांनी धर्मसंस्थापकांची तुलना केली. येशूने स्वतःला ईश्वराचा पुत्र म्हटले, महंमदांनी प्रेषित म्हटले, तर कृष्णाने स्वतःलाच ईश्वर म्हटले. बुद्धांनी मात्र स्वतःसाठी असे कोणतेही स्थान मागितले नाही. ते मार्गदाता होते, मोक्षदाता नव्हते. त्यांच्या वचनांना अचूकतेचा दावा नव्हता आणि काळानुसार त्यांत बदल करण्याची मुभा अनुयायांना होती.

१९५७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात ही मांडणी पूर्णत्वास गेली. 'धम्म काय नाही' हे सांगणाऱ्या भागात ईश्वरावरील श्रद्धेचे स्वतंत्र प्रकरण आहे. ईश्वर कोणी पाहिलेला नाही, जग निर्माण झाले नसून विकसित झाले आहे, ईश्वराने शून्यातून निर्मिती केली की आधीच्या कशातून, तो चांगला असेल तर माणसे हिंसक का होतात, असे प्रश्न तेथे क्रमाने येतात. शेवटचा मुद्दा निर्णायक आहे. ईश्वरावरील श्रद्धेतून प्रार्थना-पूजेच्या सामर्थ्यावरील श्रद्धा, त्यातून पुरोहित आणि पुरोहितातून अंधश्रद्धा जन्मते व सम्यक् दृष्टीचा लोप होतो. याच भागात धर्मग्रंथांच्या अचूकतेवरील विश्वास हाही धम्म नव्हे, असे स्वतंत्रपणे सांगितले आहे. मूलतत्त्ववादाचे वर उल्लेखिलेले दोन्ही स्तंभ अशा प्रकारे एकाच यादीत नाकारले गेले आहेत. तथापि, युक्तिवादातील उदाहरणे बहुतांशी भारतीय परंपरेतील आहेत आणि ख्रिस्ती धर्म हे त्यांचे मुख्य लक्ष्य नाही.

बावीस प्रतिज्ञांतील मौनाचा उलगडा येथे होऊ लागतो. या संदर्भात मूळचे इंग्रज असलेले भिक्षू संघरक्षित यांचे विवेचन उपयुक्त ठरते. १९५६ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणानंतर नागपुरातील शोकाकुल बौद्धांना त्यांनी धीर दिला होता. इंग्लंडमध्ये १९७७ साली एका नियतकालिकावर ईशनिंदेचा खटला चालला. त्यानंतर 'बुद्धिझम अँड ब्लास्फेमी' या पुस्तिकेत त्यांनी असे प्रतिपादन केले की, ख्रिस्ती संस्कारांत वाढलेल्या माणसाला बौद्ध होताना बालपणापासून मनात भिनलेल्या ईश्वराच्या भयातून मुक्त होण्यासाठी त्या ईश्वराचा उघड नकार उपकारक ठरू शकतो. हाच निकष नागपूरला लावल्यास असे दिसते की, प्रतिज्ञांमधील नकार हा ज्या देवतांच्या नावाने अस्पृश्यता लादली गेली त्यांना आहे. वर्धा-नागपूरच्या अस्पृश्य समाजाला ख्रिस्ती ईश्वराने कधी पाणवठ्यावरून हाकलले नव्हते. ज्याचे भय नव्हते त्याचा शपथपूर्वक त्याग करण्याचे प्रयोजनही नव्हते. म्हणून श्रीलंकेत जो नकार रणांगणात उच्चारला गेला, तो विदर्भात ग्रंथातील तत्त्वचर्चेपुरता राहिला. तत्त्व एकच होते. सत्तासंबंध भिन्न असल्यामुळे स्वर भिन्न झाला.

१९५६ : नागपूरमधील दोन घटना

१९५६ मध्ये नागपूर ही तत्कालीन मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि वर्धा जिल्हा त्याच राज्यात होता. त्या वर्षी येथे ख्रिस्ती धर्मप्रसाराशी संबंधित आणखी एक महत्त्वाची घटना घडली. राज्य सरकारने १४ एप्रिल १९५४ रोजी नेमलेल्या ख्रिस्ती मिशनरी कार्य चौकशी समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. समितीचे अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी हे होते. वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयातील प्राध्यापक एस. के. जॉर्ज हे गांधीवादी ख्रिस्ती विचारवंत समितीचे एक सदस्य होते. केवळ धर्मांतरासाठी आलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, बळ, फसवणूक अथवा प्रलोभन यांद्वारे होणाऱ्या धर्मांतरास कायद्याने प्रतिबंध करावा, अशा स्वरूपाच्या शिफारशी समितीने केल्या. १९६८ मध्ये मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याच्या नावाने कायदा झाला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रचाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार समाविष्ट नाही, असा निर्णय दिला.

विशेष म्हणजे, डॉ. नियोगी यांनी त्याच वर्षी नागपूरच्या सोहळ्यात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ख्रिस्ती धर्मांतरावर शासकीय नियंत्रण सुचविणारा अहवाल आणि स्वतःचे धर्मांतर या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या जीवनात एकाच वर्षी याव्यात, हा इतिहासातील योगायोग विचारप्रवर्तक आहे. तेवढ्यावरून ही दोन पावले एकाच दिशेची होती असे मात्र म्हणता येत नाही. अहवालाचा भर राज्यसंस्थेच्या नियंत्रणावर होता. डॉ. आंबेडकरांच्या चिकित्सेचा भर व्यक्तीच्या विवेकावर होता. अहवालाला धर्मांतरित व्यक्ती भोळी व प्रलोभनाला बळी पडणारी दिसत होती. डॉ. आंबेडकरांनी नेमकी हीच समजूत १९३६ च्या चर्चेसंदर्भात खोडून काढली होती. नागपूरला दीक्षा घेणारे बहुसंख्य लोक गरीब व अल्पशिक्षित होते. गरीब माणूस धर्माची निवड समजून करू शकत नाही हे तत्त्व मान्य केले, तर १४ ऑक्टोबर १९५६ चा अर्थच नष्ट होतो.

ख्रिस्ती परंपरेतील अंतर्गत चिकित्सा

समतोल मूल्यमापनासाठी ख्रिस्ती समाजातील मूलतत्त्ववादविरोधी प्रवाहाचीही दखल घ्यावी लागते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाई यांनी त्रैक्यासारख्या सिद्धान्तांविषयी शंका उपस्थित केल्या आणि आपल्या विवेकावर चर्चची सत्ता चालू देण्यास नकार दिला. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अखेरच्या काळात परदेशी मिशनच्या चौकटीबाहेर 'देवाचा दरबार' स्थापण्याचा प्रयत्न केला. १९८० च्या दशकात अरविंद निर्मळ यांनी दलित ख्रिस्ती धर्मचिंतनाची मांडणी केली. दुःख भोगणारा ख्रिस्त दलितांच्या बाजूचा आहे, ही त्यांची दृष्टी होती. व्यक्तीच्या पापाकडून समाजरचनेतील अन्यायाकडे लक्ष वळविणारी ही मांडणी एका अर्थाने डॉ. आंबेडकरांच्या आक्षेपाला दिलेले उत्तरच होय. सृष्टिकर्त्याच्या प्रश्नावर बौद्ध आणि ख्रिस्ती एकमत होणार नाहीत. परंतु माणसाच्या मुक्तीच्या प्रश्नावर संवादाला जागा आहे, हे यावरून दिसते.

हा संवाद केवळ तात्त्विक नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या मर्यादित होत्या. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना त्या लागू झाल्या. दलित ख्रिस्तींना मात्र त्या मिळालेल्या नाहीत. धर्म बदलल्याने जातीचा जाच संपत नाही हा बौद्धांचाही अनुभव आहे. ज्या अन्यायाविरुद्ध बौद्धांना चौतीस वर्षे झगडावे लागले, तोच अन्याय दलित ख्रिस्ती सोसत असताना त्यांच्या ईश्वरश्रद्धेवर बोट ठेवून मौन पाळणे बौद्ध नीतीशी सुसंगत ठरणार नाही.

स्वतःवर लावावयाची कसोटी

बौद्ध चिकित्सेची खरी परीक्षा ती स्वतःला लावली जाते की नाही यात आहे. १९५० च्या लेखात डॉ. आंबेडकरांनी बौद्धांसाठी एखादे 'बौद्ध बायबल' तयार करण्याची गरज प्रतिपादिली होती. विस्तीर्ण त्रिपिटकापेक्षा सामान्य माणसाला हाताशी ठेवता येईल असा एक ग्रंथ हवा, हा त्यामागील व्यावहारिक हेतू होता. 'द बुद्ध अँड हिज धम्म'ने ही गरज भागविली. आज विदर्भातील विहारांमध्ये व घरांमध्ये त्याचे वाचन होते. परंतु हाच ग्रंथ ग्रंथांच्या अचूकतेवरील विश्वास अधम्म मानतो, तर त्याच्या प्रस्तावनेत गृहत्यागाची कथा, चार आर्यसत्ये, कर्म-पुनर्जन्म आणि भिक्षूचे प्रयोजन यांविषयी मूलगामी प्रश्न विचारलेले आहेत. त्या प्रश्नांसह ग्रंथ वाचणे म्हणजे चिकित्सा. ते वगळून केवळ पारायण करणे म्हणजे ज्या ग्रंथनिष्ठेला नाकारले तिचाच स्वीकार. अंगुत्तरनिकायातील कालामसुत्ताचा आधार इतरांच्या श्रद्धेविरुद्ध घ्यावयाचा आणि आपल्या श्रद्धेपुरता विसरावयाचा, हे त्या सुत्ताला धरून नाही. श्रीलंका व म्यानमार या देशांत अलीकडच्या काळात बौद्ध नावाने उभ्या राहिलेल्या आक्रमक संघटना पाहता मूलतत्त्ववाद ईश्वराविनाही वाढू शकतो, हे मान्य करावे लागते.

सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखात परपंथाची अकारण निंदा करणारा आपल्याच पंथाची हानी करतो, असा विचार आला आहे. ब्रह्मजालसुत्ताच्या आरंभीही बुद्ध, धम्म व संघ यांची कोणी निंदा केली तरी क्रोध न करता त्यात तथ्य किती ते पाहावे, असा उपदेश आहे. चिकित्सा सोडावी असा याचा अर्थ नाही. ती द्वेषाविना करावी, एवढाच अर्थ आहे.

निष्कर्ष :

१) बौद्ध परंपरेतील ईश्वरचिकित्सा एखाद्या धर्माविरुद्ध नसून माणसाची जबाबदारी नाहीशी करणाऱ्या प्रत्येक मताविरुद्ध आहे. तित्थसुत्तात ईश्वरवादाबरोबरच पूर्वकर्मवादाचीही तीच झाडाझडती झालेली आहे.

२) ख्रिस्ती मूलतत्त्ववादाशी बौद्ध दृष्टीचा मुख्य विरोध ग्रंथाच्या अचूकतेच्या दाव्याबाबत आहे. सर्वसामान्य ख्रिस्ती श्रद्धेशी तिचा मतभेद आहे, वैर नाही.

३) श्रीलंकेत ख्रिस्ती धर्म सत्तेशी जोडलेला असल्यामुळे वाद संघर्षात्मक झाला. विदर्भात तशी स्थिती नसल्यामुळे बावीस प्रतिज्ञांमध्ये ख्रिस्ती ईश्वराच्या नकाराचे प्रयोजन उरले नाही.

४) डॉ. आंबेडकरांनी ख्रिस्ती सिद्धान्तांची चिकित्सा केली. त्याच वेळी धर्मप्रचाराच्या व धर्मांतराच्या स्वातंत्र्याचे रक्षणही केले. या दोन गोष्टींची ताटातूट करून त्यांच्या टीकेचा वापर धर्मांतरबंदीच्या समर्थनासाठी करणे अनैतिहासिक ठरते.

५) कोसंबी व डॉ. आंबेडकर यांनी इतरांच्या ग्रंथांना लावलेली कसोटी प्रथम आपल्या परंपरेला लावली. वर्धा-नागपूर परिसराने बौद्ध विचाराला दिलेला हा वारसा आहे. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या प्रत्येक पिढीने तो जपावयाचा असेल, तर 'हे माझे मत आहे' आणि 'हेच एकमेव सत्य आहे' या दोन वाक्यांतील अंतर तिला सतत लक्षात ठेवावे लागेल.